बुंध्याच्या फटीचे कारण सापडले (मानवेल बांबूचा रॉड, नोंद सहावी)

मानवेल बांबूच्या सहा त्रिकोणी कामट्या चिकटवून मी मासेमारीचा षटकोनी रॉड बांधतो आहे; त्याचे दोन भाग, मुठीकडचा जाड बुंधा आणि टोकाकडचा बारीक शेंडा. मागच्या नोंदीत बुंध्याच्या सहा कामट्यांना इपॉक्सी गोंद लावून दोरा गुंडाळला, इथपर्यंत लिहिले होते. तो दोरा सोडवल्यावर जे दिसले, त्यानंतर तीन आठवडे काही लिहावेसेच वाटले नाही. आज लिहितो आहे, कारण काल रविवारी नागपुरात हिंगणा मार्गावरच्या, आम्हाला रॉड बांधायला शिकवणाऱ्या सरांच्या शेडमध्ये दुसरा बुंधा मोजला आणि मुठीजवळ समोरासमोरच्या बाजूंची तिन्ही मापे ३०१, ३०० आणि ३०१ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशी आली. पहिल्या बुंध्यावर त्याच जागी ३०४, २९६ आणि ३०९ आली होती.

पहिल्या बुंध्यावरचा वाळलेला इपॉक्सी पॉलिश पेपरने उतरवला, तेव्हा सहापैकी चार सांध्यांवर काळसर रेघ उमटलेली होती. शेंडा याच हातांनी, याच प्लेनिंग फॉर्मवर (दोन पट्ट्यांमधल्या खाचेत कामटी ठेवून ती रंधण्याच्या साच्यावर), आठवडाभर आधी केला होता आणि त्याचे सांधे नुसत्या डोळ्यांना शोधूनही सापडत नव्हते. शेंडा अवघड आणि बुंधा सोपा असे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो, त्यामुळे हे उलटे कसे झाले ते कोणालाच उमगेना. बुंध्यावरची रेघ फेरूलच्या (शेंडा आणि बुंधा जोडणाऱ्या धातूच्या नळीच्या) टोकाला केसाएवढी होती आणि मुठीकडे येता येता रुंदावत गेली होती. उत्तर त्या रुंदावण्यातच होते, पण मी तेव्हा ते वाचू शकलो नाही.

सरांच्या सांगण्यावरून मी तो बुंधा मुठीकडच्या टोकापासून पाच इंचांवर बारीक दातांच्या आरीने कापला आणि छेद भिंगाखाली धरला. सहा त्रिकोणांची टोके मध्यभागी एकमेकांना भिडायला हवी होती. त्यांपैकी दोन आखूड पडली होती आणि त्या जागी सुईचे टोक शिरेल एवढी पोकळी राहिली होती. याचा अर्थ कामट्यांचा कोन साठ अंशांचा नव्हता.

पहिला संशय फॉर्मवर गेला. डायल गेज लावून नऊही स्टेशनांची (खाचेची खोली जुळवायच्या जागांची) खोली पुन्हा तपासली, सगळे स्क्रू सैल करून नव्याने कसले. पट्ट्यांमधले अंतर एक थाऊने वाढवले की खाचेची खोली ०.८७ थाऊने वाढते, हा हिशेब आता तोंडपाठ झाला आहे. फॉर्ममध्ये काहीच दोष निघाला नाही. दुसरा संशय रंध्यावर गेला आणि तो काही अंशी खरा ठरला. मी बाजारातून आणलेल्या नव्या रंध्याचा तळ मधोमध खोलगट होता. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून दोन संध्याकाळी तो घासला, पाते ३५ अंशांवर पुन्हा लावले, तरीही सरावाच्या कामटीवर कोन चुकतच राहिला. मग सरांनी त्यांचा जुना स्टॅन्ले साडेनऊ नंबरचा रंधा हातात दिला. त्याच्या पात्याखालून निघणारी ढलपी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती आणि असा रंधा एकदा वापरला की स्वस्तातला नवा रंधा घेऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे. कोन मात्र त्याही रंध्याने चुकला.

तिसरा संशय हवेवर होता. ऑगस्टमधल्या नागपुरात भट्टीतून काढलेली कामटी उघड्यावर ठेवली तर ती ओल धरणारच, म्हणून सहाही कामट्या पुन्हा १८० अंशांवर भाजून, थंड झाल्याबरोबर सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये बंद केल्या आणि एकेक काढून रंधली. फरक पडला नाही. शेवटी उरला माझा हात. उजव्या हाताने रंधणाऱ्याचा दाब एका बाजूला झुकतो हे सर पहिल्या वर्गापासून सांगत आले आहेत, आणि दोष तोच असावा असे मी मनाशी कबूलही करून टाकले होते.

शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या ताईंचा बुंधा याच फॉर्मवर झाला होता आणि त्यात फट नव्हती. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमची एक कामटी मला द्या, माझी तुम्ही घ्या, बघू काय होते.” आम्ही बाके बदलली. त्यांच्या कामटीला माझ्या हातून तिन्ही उंच्या एका थाऊच्या आत मिळाल्या. माझ्या कामटीला त्यांच्या हातून १५२, १४९ आणि १५५ आल्या. ज्यांनी उंच्या मोजायला अजून सुरुवात केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्रिकोणाच्या प्रत्येक टोकापासून समोरच्या बाजूपर्यंतचे माप घ्यावे, तिन्ही सारखी आली तर कोन साठ अंशांचेच असतात. मायक्रोमीटर मात्र हलक्या हाताने लावावा लागतो, नाहीतर टोक चेपते आणि माप खोटे येते.

हात, रंधा, फॉर्म सगळे सुटले, तेव्हा दोष कामटीतच असणार हे उघड झाले. मी ती कामटी सालीची बाजू खाली करून काचेवर ठेवली आणि एका कडेवर नखाने दाबले. दुसरी कडा उचलली गेली आणि नख काढताच टक् असा बारीक आवाज करून परत बसली. ताईंची कामटी तशीच दाबून पाहिली, ती जवळजवळ हललीच नाही. ताईंचा बांबू तीन इंच व्यासाचा होता, माझा सव्वा इंचाचा.

बांबू गोल असल्याने सालीची बाजूही गोलाईचीच असते आणि रॉड बांधणारा तिला रंधा लावत नाही, कारण सर्वांत दाट तंतू सालीच्या लगेच खाली असतात. त्या बाजूचा फुगवटा किती, हे काढायला कामटीच्या रुंदीचा वर्ग करून त्याला व्यासाच्या चौपटीने भागावे. मुठीजवळ माझ्या कामटीची रुंदी १७३ थाऊ होती. सव्वा इंची बांबूत तिचा फुगवटा सहा थाऊ भरतो, तीन इंची बांबूत जेमतेम अडीच. फेरूलजवळ रुंदी ११६ थाऊ, तिथे माझ्या बांबूतही तीन थाऊंच्या आतच. शेंड्याच्या टोकाला तर एका थाऊचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही. म्हणून शेंडा निर्दोष झाला आणि म्हणूनच रेघ मुठीकडे रुंदावत गेली. रुंद कामटी आपल्या फुगवट्यावर खाचेत डुलत होती आणि रंध्याच्या प्रत्येक फेरीला थोडी वेगळ्या कलाने बसत होती. सरांना हा हिशेब दाखवला, तेव्हा त्यांनी तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवला आणि पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी शिकवायचे ठरवले. तो क्षण मी जपून ठेवणार आहे.

उपाय साधा आहे, पण संयमाने करावा लागतो. खडबडीत रंधाई झाल्यावर, अंतिम उताराला (मुठीकडून टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या मापांना) हात घालण्यापूर्वी, कामटी सालीची बाजू वर करून उथळ खाचेत ठेवली. सालीवर दर अर्ध्या इंचाला पेन्सिलीने आडव्या रेघा ओढल्या आणि सपाट अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला ३२० नंबरचा कागद गुंडाळून लांबलचक, हलके हात फिरवले. रेघ आधी मधोमध पुसली जाते आणि दोन्ही कडांना शिल्लक राहते. कडांवरचे अवशेष केसाएवढे उरले की थांबायचे. गाठीपाशी ठोकळा आपोआप जास्त घासतो, म्हणून तिथे दोन हात कमीच फिरवावेत. नखाने दाबल्यावर टक् आवाज आला नाही, तेव्हाच कामटी फॉर्ममध्ये घातली. सहा कामट्यांना दोन पूर्ण संध्याकाळी लागल्या. इपॉक्सी पहाटे सहाला लावला, कारण उकाड्यात तो भांड्यातच घट्ट होऊ लागतो आणि दोरा गुंडाळून बुंधा सरळ करायला हाताशी वेळ उरत नाही. दोरा सोडवल्यावर सांध्यावरून नख फिरवत गेलो, ते कुठेही अडकले नाही. मुठीच्या टोकाचा अर्धा इंच वाया जाणारच होता, तो कापून भिंगाखाली पाहिला, तर सहाही टोके एका बिंदूत मिळाली होती. तो तुकडा आता खिशात असतो.

या उपायाची किंमतही आहे. मुठीजवळ मधोमध सहा थाऊ घासले गेले, म्हणजे सर्वांत उत्तम तंतूच गेले. त्यामुळे बुंध्यासाठी बांबूचा खालचा जाड भाग आणि शेंड्यासाठी वरचा बारीक भाग, हा नियम मी यापुढे मोडणार नाही. पहिल्या वेळी घाईत मी नेमके उलटे केले होते. फाडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर व्यास लिहून ठेवण्याची सवयही लावून घेतो आहे.

पुढचा रॉड चौकोनी करीन, असे तिसऱ्या नोंदीत लिहिले होते. हे लिहिता लिहिताच त्याचा हिशेब मांडून पाहिला. चार कामट्यांच्या रॉडमध्ये मुठीजवळ एकेका कामटीची रुंदी पूर्ण ३०० थाऊ होते आणि सव्वा इंची बांबूत फुगवटा १८ थाऊंवर जातो. एवढे घासायचे म्हणजे उरणार काय? चौकोनी रॉडचा बेत मी इथेच बाजूला ठेवतो. त्याऐवजी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा कटांग बांबू मिळवून पाहावा असे आता वाटते आहे, कारण त्याचा व्यास मानवेलपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि फुगवट्याचा प्रश्नच उरणार नाही. त्याचे तंतू रॉडच्या कामाचे आहेत का, हे आधी तपासायला हवे. मानवेल आणि कटांग यांच्या एकाच मापाच्या दोन-दोन कामट्या रंधून, एक टोक शिकंज्यात आवळून, दुसऱ्या टोकाला सारखे वजन टांगून कोण किती वाकते आणि वजन काढल्यावर कोण सरळ होते ते मोजणार आहे. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात जाऊन चांगला कटांग कसा निवडावा, हेही विचारून येईन.

काही जणांनी विचारले होते की मानवेलवर एवढे कष्ट कशाला, सरळ चीनहून टोंकिन बांबू मागवा. सरांचा नियम आहे की पहिला रॉड इथल्याच बांबूचा करायचा, आणि मला तो मनापासून पटतो. टोंकिन रूढ होण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सहा कामट्यांचे रॉड ज्या ‘कलकत्ता’ बांबूचे होत असत, तो मानवेलच होता असे मानले जाते. आपल्या विदर्भाच्या जंगलातला हा बांबू त्या कामाला नवखा नाही.

आता फेरूल. १३/६४ इंचाचे मागवले असताना पुरवठादाराने १२/६४ चे पाठवले आणि बदलून द्यायला महिना लागेल असे कळवले. तेवढ्यासाठी बुंधा तासून बारीक करणे मला मंजूर नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्यांनी जर्मन सिल्व्हरची नळी कातून द्यायची तयारी दाखवली आहे आणि गुरुवारी मी नमुना घेऊन जाणार आहे. फेरूल नीट बसले तर दिवाळीपूर्वी रेशमी दोऱ्याची गुंडाळणी आणि वार्निश उरकेल, आणि हा सात फुटी, पाच नंबर लाइनचा (दोरीच्या वजनाचा क्रमांक) रॉड हिवाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर मार्चमध्ये हिमाचलच्या तीर्थन नदीवर नेता येईल.