घाईघाईत सही करू नका
गाडीच्या अपघातात मार लागला की बऱ्याचदा इन्शुरन्सवाल्यांचा लगेच फोन येतो, गोड बोलून एक रक्कम सांगतात आणि माणूस आधीच दुखण्याने, बिलांनी बेजार झालेला असतो म्हणून पटकन हो म्हणून टाकतो. पण मानेला बसलेला हिसका कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखायला लागतो हो, आणि सेटलमेंटच्या कागदावर एकदा सही झाली की नंतरच्या ऑपरेशनचे, फिजिओथेरपीचे पैसे मागायचा रस्ता बहुतेक वेळा बंदच. मला याची खरंच चीड येते. भरपाई म्हणजे नुसतं हॉस्पिटलचं बिल नाही, बुडालेला पगार, पुढचे उपचार, सोसलेल्या वेदना हे सगळं मागा. रिपोर्ट, पावत्या, फोटो जपून ठेवा, आणि दाव्याची मुदत किती ते वकिलाला आधीच विचारा.