चेनची बाजू वर

मार्चअखेर उरकली की एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं वैधानिक ऑडिट सुरू होतं आणि माझा मुक्काम आठ-दहा दिवस पुण्याबाहेर हलतो. यंदा सोलापूर होतं. तीन शाखा, त्यातली एक थेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे. गेली तीन वर्षं या कामाला मी सायकल घेऊन जाते. ऑफिसात दरवेळी कुणीतरी विचारतं, "तिथे रिक्षा मिळत नाहीत का?" मिळतात की. पण रिक्षेनं फिरलं तर लॉज, शाखा आणि परत लॉज एवढंच गाव दिसतं. दहा दिवस एखाद्या गावाचं मीठ खायचं आणि त्याचा एक रस्ताही ओळखीचा होऊ नये, हे मला पटत नाही.

सायकल रेल्वेनं नेण्यात अवघड काही नाही, पण खिडकीवर गेल्यावर पहिला शब्द बरोबर उच्चारावा लागतो: लगेज. स्वतःचं तिकीट दाखवून बुक केली की सायकल लगेज होते आणि आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, येते. तिकीट न दाखवता दिली की ती पार्सल. मग ती जागा मिळेल त्या गाडीनं जाणार आणि आपण सोलापुरात तिची वाट बघत बसणार. स्लीपरला 40 किलो आणि सेकंड क्लासला 35 किलो सामान मोफत असतं, पण सायकल त्यात धरत नाहीत, तिचे पैसे वेगळे भरायचे. सामान अर्धा तास आधी दिलं तरी नियमात बसतं. मी मात्र दीड तास आधी पोचते, कारण पावती, वजन, गोणपाटावर नाव आणि 'पुणे ते सोलापूर' लिहिणं हे सगळं घाईत चुकतं. शक्यतो गाडीही अशी बघते की जी सोलापूरलाच संपते. दोन मिनिटांच्या थांब्यावर ब्रेकव्हॅन उघडून सायकल उतरवून घेणं म्हणजे जिवाला घोर.

पहिल्या वर्षी मी सायकल नुसती गोणपाटात गुंडाळून दिली होती. सोलापूरला घेतली तेव्हा मागचा गिअर आत वाकलेला, चेन चाकाच्या तारांना घासत होती. आडवी ठेवली गेली होती, आणि तीही गिअरच्या बाजूवर. मीच कुणाला काही सांगितलं नव्हतं. स्टेशनजवळच्या एका दुकानदारानं तासभर खपून गिअरची पट्टी सरळ करून दिली, पण सबंध मुक्कामात खालचे दोन गिअर नीट पडलेच नाहीत.

तेव्हापासून आदल्या रात्री घरीच बांधते. पंप, बाटली, दिवा काढून बॅगेत. पॅडल दोन्ही काढायची. 15 नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवायचं, नाहीतर सोडवायच्या ऐवजी आवळत बसाल. हँडल सैल करून चाकाच्या रेषेत फिरवायचं. गिअरवर जुन्या टॉवेलची घडी, त्यावर जाड पुठ्ठा, मग गोणपाट. दाभणानं सुतळीचे टाके घालते, गाठी मारत नाही, कारण गाठी सोडताना हमाल विळा चालवतात आणि गोणपाट फाटतं. शेवटी स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिते: चेनची बाजू वर.

यंदा पुण्याच्या फलाटावर हमालकाकांना तेच तोंडीही सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आडवी टाकतच नाही मी. उभी बांधतो." आणि त्यांनी खरंच तसं केलं. लांबचं सामान आधी आत, जवळचं दाराशी, ही त्यांची मांडणी ठरलेली. सायकल सगळ्यात आत गेली, जाळीला टेकवून उभी, सीटच्या दांड्याला आणि पुढच्या चाकाला सुतळीचे दोन-दोन वेढे. मग खोकी तिच्यापासून वीतभर लांब रचली. दौंड गेलं, कुर्डुवाडी गेली, मी खिडकीशी निवांत झोपले.

सोलापूरचा एप्रिल सायकलवर दया दाखवत नाही. नऊच्या आत पोचायचं आणि ऊन उतरल्यावर निघायचं, एवढं पाळलं की भागतं. कर्जदाराचा स्टॉक बघायला जायचं होतं, तेव्हा शाखेतले साहेब म्हणाले, "मॅडम, गाडी काढतो." मी म्हटलं, तुम्ही या गाडीनं, मी पुढे होते. टॉवेल विणणाऱ्या शेडच्या रस्त्यानं सायकलवर गेलं की कागद उघडायच्या आधी कानाला बरंच कळतं. कुठल्या शेडमध्ये सगळे माग चालू आहेत आणि कुठे दोन-चारच, ते खटखटीच्या दाटपणावरून ओळखू येतं. दारात सुताचे टेम्पो उतरताहेत का, हेही दिसतं. कागद तर तपासायचेच, पण प्रश्न काय विचारायचे ते मला त्या रस्त्यावर सुचतात.

रविवारी पहाटे साडेपाचला नान्नजला निघाले. बार्शी रोडनं साधारण वीस किलोमीटर. माळढोकसाठी 1979 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य म्हणजे झाडी नव्हे, वाळलेल्या गवताचा माळ. माळढोक दिसला नाही, आता तो तिथेही क्वचितच दिसतो. काळवीट मात्र भरपूर दिसले. एक नर रस्त्यापासून शंभरेक पावलांवर मान ताठ करून उभा होता. मी पॅडल थांबवलं, फ्रीव्हीलची टकटक वाजली, तसा त्यानं कान माझ्याकडे वळवला आणि गवतात परत तोंड घातलं. साडेनऊच्या आत मी लॉजवर होते, शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन दुपारभर ऑडिटचे वर्किंग पेपर्स, म्हणजे तपासणीच्या नोंदी, लिहीत बसले.

परतीला रात्री दहाला पुणे आलं. पार्सल ऑफिसबाहेरच्या दिव्याखाली टाके उसवले, पॅडल लावली, हँडल सरळ केलं. गिअर अगदी सरळ होता, एक एक करून सगळे टाकून बघितले. गोणपाटाची घडी कॅरिअरला बांधली, दाभण पिशवीत ठेवलं आणि संगम पुलावरून घरी आले.