बेडूक, पाणवेली आणि हुकलेल्या मरळी

गोदावरीत बास नाही, हे मला सगळं सामान घेऊन झाल्यावर कळलं.

झालं असं की दिवाळीनंतर पाय मुरगळून दहा दिवस घरी होतो. त्या दहा दिवसांत मोबाईलवर पहाटेच्या मासेमारीचे व्हिडिओ बघायची चटक लागली. धुकं, नदीकाठ, हातात लांब रॉड, टोकाला रंगीत खोटा मासा, आणि मग पाण्यातून उसळणारा हिरवट, मोठ्या जबड्याचा बास. तो मूळचा अमेरिकेतला मासा. पण पायाला पट्टी बांधलेल्या माणसाला भूगोल कुठे आठवतो? सात फुटी रॉड, तीन हजार नंबरचं रील, चाळीस पौंडी ब्रेडेड दोरी आणि खोट्या आमिषांचा एक डबा असं सगळं ऑनलाइन मागवून मोकळा झालो. डब्यात स्पून, स्पिनर, क्रँकबेट, पॉपर, मऊ प्लास्टिकच्या अळ्या आणि दोन पोकळ रबरी बेडूक. बायकोने डबा उघडून बघितला आणि विचारलं, "हे खेळण्यातले कुणासाठी?"

आम्ही राहतो नाशिकरोडला. लहानपणी दसकच्या घाटावर कणकेच्या गोळीवर मासे धरले होते, तेवढाच अनुभव. त्यामुळे पहिला रविवार जवळच, चेहेडीला दारणेवर. जानेवारी होता. कानटोपी, दोन स्वेटर, आणि तरीही बोटं इतकी गार की दोरीची गाठ बसेना. डब्यात सगळ्यात देखणा होता क्रँकबेट, पुढे प्लास्टिकची जीभ आणि पोटाशी तीन-तीन टोकांचे दोन गळ. ओढला की थरथरत खाली बुडतो. थरथरत बुडाला आणि दुसऱ्याच फेकीत खडकात जाऊन बसला. ओढला, सैल सोडला, काठाने वर जाऊन उलट्या बाजूने ओढला. शेवटी कातरीने दोरी कापली. नंतर स्पिनरही तिथेच गेला. अर्ध्या तासात साडेचारशे रुपये दारणामाईला वाहून घरी आलो.

जानेवारीचे बाकीचे तीन रविवार कोरडेच. त्याचं कारण मला तेव्हा कळत नव्हतं. थंडीत निफाडचा पारा राज्यात तळाला जातो हे आपण दरवर्षी पेपरात वाचतोच. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं, त्याला स्वतःची ऊब नसते. पाणी गारठलं की त्याची भूकही मंदावते आणि अंग हलवायची इच्छाही. तो तळाशी गप्प पडून राहतो आणि मी वर दर दहा मिनिटांनी आमिष बदलत राहतो. चांदीचा चालला नाही, सोनेरी लाव. सोनेरी नाही चालला, हिरवा लाव. आता हसू येतं, पण त्या गारठ्यात ते फार शास्त्रीय वाटत होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडी ओसरली तेव्हा एका मित्राने सांगितलं, गंगेवर जा, सायखेड्याच्या बाजूला. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) गंगापूर धरणावर जायचा विचार आधी आला होता, पण धरणांमधल्या मासेमारीचे ठेके मच्छीमार सोसायट्यांकडे असतात. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणं. सायखेड्याच्या खाली नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली राज्यातली पहिली जागा. त्या हद्दीत तर गळ न्यायचाच नाही. म्हणून मी बराच अलीकडे, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पाणी उपसायच्या मोटारीजवळची जागा धरली. त्याला आधी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "या की. पण उजाडल्याशिवाय उसाकडून येऊ नका, बिबट्या फिरतोय." निफाडकडे हे कुणी गमतीने सांगत नाही. मी द्राक्षबागेच्या बाजूने, स्कूटरचा हॉर्न वाजवत जायचो.

पहिल्यांदा नदी बघितली तेव्हा नदी दिसलीच नाही. काठापासून पंधरा-वीस फूट नुसती पाणवेलींची हिरवी गादी, मधे काळपट पाण्याची चिंधी, पलीकडे परत पाणवेली. शहराचं सांडपाणी खाली येतं, ते खाऊन ही वेल माजते, आणि वेलीखाली पाण्यातला प्राणवायू कमी होतो. बऱ्याच माशांचा तिथे जीव गुदमरतो. मरळीचा नाही. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी सोय असते. ती वर येऊन तोंडाने हवेचा घोट घेते आणि परत खाली. किंबहुना तिला वर येऊ दिलं नाही तर पाण्यातला हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी दाखवलं जाळेवाल्या काकांनी.

काका रोज पहाटे चप्पूवरून, म्हणजे छोट्या होडीवरून, जाळं काढायला यायचे. मला तीन रविवार त्यांनी नुसतं बघितलं. चौथ्या रविवारी चप्पू काठाला लावला, तंबाखू मळता मळता माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, तुमी सारखं सारखं काय बदलता?"

मी सांगितलं, कोणतं चालतं ते बघतोय.

"पाण्याकडं कधी बघता मग?"

याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, पंधरा मिनिटं काय टाकायचं नाही. आम्ही बसलो. आधी मला काहीच दिसलं नाही. मग पाणवेलींच्या कडेला एका ठिकाणी "चप्" असा बारीक आवाज झाला आणि दोन-तीन बुडबुडे फुटले. "ही एक," काका म्हणाले. थोड्या वेळाने चार हात डावीकडे दोन पानं हलली, वारा नसताना. "तीच. सरकली." मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा पहिल्याच जागी चप्. काकांनी बोटाने त्या दोन जागांमध्ये हवेत रेघ ओढली. तेवढ्या पट्ट्यात ती फिरत होती. मी महिनाभर तिच्या मागे वीस फुटांवर, मोकळ्या पाण्यात रंग बदलत बसलो होतो.

पाणवेलीवर स्पून, क्रँकबेट टाकण्यात अर्थ नाही, उघडे गळ पहिल्याच देठात अडकतात. तिथे चालतो तो पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून सरकत येतो. माशाने चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. कल्पना अमेरिकन बाससाठीची असेल, पण मरळीलाही पानांवरून टुणटुणत येणारं काहीतरी बघवत नाही. माझा बेडूक दीडशे रुपयांचा, म्हणजे स्वस्तातला. दोरी बांधायच्या कडीपाशी फट होती. पाच-सहा फेकींत पोटात पाणी भरायचं आणि तो बुडायचा, मग दर वेळी पिळून काढायचा. घरी जाऊन त्या फटीत फेव्हिक्विकचा थेंब सोडला, मागच्या रबरी झिरमिळ्या अर्ध्या कापल्या म्हणजे तो वळवळत चालेल, आणि पक्कडीने दोन्ही गळ केसभर बाहेर वाकवले. केसभरच. जास्त वाकवले की पानं गोळा करतो.

पुढच्या रविवारी आवर्तन सुटलेलं. नांदूर मध्यमेश्वरच्या कालव्यांसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडलं की इथली पातळी वाढते आणि पाणवेलींची अख्खी बेटं खाली सरकायला लागतात. माझा पाठ केलेला पट्टाच वाहून गेला होता. चांदोरीच्या फाट्यावर चहा पिऊन परत आलो. मासेमारीचं वेळापत्रक पाटबंधारे खातंही ठरवतं, हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

मार्चमध्ये मात्र रंग भरला. पावणेसातच्या सुमाराला पोचलो की ऊन पाणवेलीवर यायच्या आत तास-दीड तास मिळायचा. मी आल्या आल्या रॉड जमिनीवर ठेवून बसायचो. चप् ऐकू आला की जागा मनात धरायची, बेडूक त्याच्या तीन-चार हात पलीकडे पडेल असा फेकायचा, कारण डोक्यावर पडला तर ती पळते. मग रॉडचं टोक खाली, मनगटाने हलके झटके. बेडूक पानावर चढतो, पान वाकतं, तो फटीत उतरतो. तिथे थांबवायचा. हे थांबवणंच अवघड आहे, हात आपोआप रील फिरवायला लागतो.

पहिला घाव बसला तेव्हा कुणीतरी घागर पालथी आपटावी तसा आवाज झाला. मी जिवाच्या आकांताने रॉड ओढला. बेडूक गोळीसारखा माझ्या कानावरून मागच्या बाभळीत गेला. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी बेडूक आला तो दातांच्या बारीक टोचण्या घेऊन. दोन रविवारांत पाच हुकल्या. पाचवीच्या वेळी काका पलीकडून बघत होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

"भाऊ, घास तरी जाऊ द्या तिच्या तोंडात! चिमूट दाढेत धरायला लागते तेवढा दम काढायचा."

मी तंबाखू खात नाही. म्हणून मनात "पांडुरंग" म्हणायचं ठरवलं, पूर्ण, तीन तुकडे सुटे करून.

एकवीस-बावीस मार्चच्या आसपासचा रविवार. काठावरच्या मोटारीजवळ पाणकावळा पंख वाळवत बसलेला. चप् झाला उजव्या बाजूला, एका पिवळ्या पडलेल्या पानाशेजारी. पहिली फेक आखूड पडली, तरी घाई न करता बेडूक पूर्ण आत ओढून घेतला. दुसरी बरोबर पलीकडे. झटका, झटका, पान वाकलं, बेडूक फटीत. थांबलो. पिवळं पान थोडं वर उचललं गेलं, खालून कुणी बोटाने ढकलावं तसं. मग घागर फुटली. बेडूक गायब. पां. दोरी बाजूला सरकायला लागली. डु. सैल दोरी रीलमध्ये घेतली. रंग. दोन्ही हातांनी रॉड वर.

या वेळी तो परत आला नाही. रॉड कमानीसारखा वाकला आणि तिने पाणवेलीत डोकं खुपसलं. इथे चाळीस पौंडी दोरीचं मोल कळलं. मोकळ्या पाण्यात खेळवतात तसं इथे खेळवत बसायचं नाही, मुळांना वेढा दिला की संपलं. सरळ ओढायची. आली ती निम्मी पाणवेल अंगावर घेऊनच, हिरव्या गठ्ठ्यात वेटोळं मारलेली काळी-तपकिरी, सापासारख्या चपट्या डोक्याची मरळ. सव्वा किलो भरली. अंग इतकं बुळबुळीत की दोनदा हातातून सुटून गवतात गेली आणि दोन्ही वेळा पाण्याच्या दिशेनेच वळली. तिला बरोबर कळत होतं.

तिचं काय करायचं हा प्रश्न मी तोवर मनात आणलाच नव्हता. मरळ आपल्याकडे नदीच्या माशांत महागाची, काटे कमी, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला मुद्दाम देतात. पण त्या पाण्याचा वास मी महिनाभर घेतला होता, घरी न्यायची इच्छा झाली नाही. पक्कडीने गळ काढला आणि सोडून दिली. काका चप्पूवर उभे राहून बघत होते. "धरली कशाला मग?" एवढंच म्हणाले आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. मला तो खेळ, त्यांची ती बाजाराची पाटी.

मे संपेपर्यंत आणखी चार लागल्या, एक शिवडा हुकला, आणि उरलेल्या स्पिनरवर एक हाताएवढी चिलापी आली. पावसाळा लागला की मी बंद करतो. तेव्हा मरळीची पिल्लं लालसर ढगासारखी एकत्र फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. त्या ढगावर बेडूक टाकला तर त्या रागाने नक्की घाव घालतात, आणि म्हणूनच तो टाकायचा नाही. यावर काकांचं आणि माझं एकमत आहे. एकमताची एवढीच बाब.

मेच्या शेवटच्या रविवारी काका म्हणाले, "तो बेडूक एखादा द्या मला." मी दातांनी चाळण झालेला जुना दिला, नवा देऊ का म्हटलं तर नको म्हणाले. त्यांनी तो दहा फुटी बांबूच्या टोकाला हातभर तंगुसाने बांधला. फेकणं नाही, ओढणं नाही, चप्पूतून नुसता पाणवेलीच्या फटीत उतरवायचा, वर उचलायचा, पुढच्या फटीत उतरवायचा. आठ वाजेपर्यंत त्यांच्या चप्पूत दोन मरळी होत्या. मी त्या दिवशी रिकाम्या हाताने आलो, आणि वाटेत चांदोरीच्या फाट्यावर दोघांच्या चहाचे पैसे काकांनी दिले.