आटलेलं कमळ

आमच्या गल्लीतला वाडा पडला तेव्हा खांब, कड्या, बिजागऱ्या न्यायला आधीच मंडळी टपलेली होती. माझ्या वाट्याला दाराच्या चौकटीवरचं लाकडी कमळ आलं, तेही अर्धंच. मुकादम म्हणाला, "न्या ताई, नाहीतरी बंबातच जाणार होतं."

घरी आणून खरवडलं. किती दिवाळ्यांचा ऑइलपेंट निघाला देव जाणे. हिरवा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली पुन्हा हिरवा.

मातीच्या ताटल्यांवर ठसा म्हणून ते वापरायचं होतं. लाकडी ठशाला थोडं गोडेतेल चोळलं की माती त्याला धरून बसत नाही. लाटलेल्या मातीवर ठेवायचा आणि तळहाताचा भार द्यायचा. जोर जास्त झाला तर तेवढ्या जागी ताटली पातळ होते आणि वाळताना नेमकी तिथेच तडकते. माझ्या पहिल्या तीन अशाच गेल्या. शिवाय स्टोनवेअरची, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी कडक होणारी, ही माती वाळून, १२०० अंशांच्या वर भाजून निघेपर्यंत १०-१२ टक्के आटते. दहा सेंटिमीटरचं कमळ भट्टीतून नऊच्या आसपास होऊन येतं. भाऊ म्हणतो, तुझा इतिहास आटवायचा कारखाना आहे.

चौथ्या ताटलीवर मी आधी आईचं शंकरपाळ्यांचं कातण फिरवून पाहिलं होतं. नाही आवडलं. पुसायला गेले तर माती घट्ट होऊन बसलेली. शेवटी वैतागून ओला स्पंज फिरवला आणि त्याच्यावरच कमळ दाबलं. भाजून निघाली तर पाकळ्यांच्या मधून कातणाची नागमोडी रेघ वर आलेली!

तेव्हा जोगलटेंभीची नाणी आठवली. १९०६ साली आपल्या नाशिक जिल्ह्यात सापडलेली, नहपान या शक क्षत्रप राजाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, स्वतःचा ठसा मारून घेतलाय. वितळवा, नव्याने पाडा, एवढा खटाटोप कोण करतो? चांदी आयती हातात आली, मार ठसा. एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. पण घाईचा घाव कुठे नेमका बसतो! कित्येक नाण्यांवर टेकडीच्या आडून नहपानाचा चेहरा डोकावत राहिलाय.

नाशिकच्या पांडवलेणीच्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या लेकाला, या सातकर्णीला, 'क्षहरातांचा वंश निःशेष करणारा' म्हणून कोरून ठेवलंय; क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. आईच ती, कौतुकात हात कशाला आखडेल? आणि त्याच डोंगरात, दहा नंबरमध्ये, क्षहरात नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी वाचत निवांत बसलाय.

तर ती चौथी ताटली मी वाड्याच्या काकूंना नेऊन दिली. त्या आता गंगापूर रोडला, पाचव्या मजल्यावर राहतात. त्यांनी चष्मा लावला, पाकळ्यांवरून बोट फिरवलं, मग लांब धरून पाहिलं.

"आमचं कमळ याहून मोठं होतं गं."

दहा-बारा टक्क्यांचं गणित सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काकू डबा आणायला उठल्या होत्या. ताटली टेबलावर ठेवून त्यांनी तिच्यात चिवडा ओतला.