लिफ्टची झिजलेली पट्टी

माझ्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा गवत कापणारा डेक, म्हणजे खाली टांगलेला पात्यांवरचा पत्र्याचा डबा, गेल्या हंगामापासून डावीकडे झुकत होता. लिव्हर वर ओढून खाचेत अडकवला तरी डावी कड उजवीपेक्षा सुमारे १ सेंटीमीटर खाली राहत असे आणि कापलेल्या गवतावर प्रत्येक फेरीला एक पायरी उमटत असे. आधी मी टायरमधील हवेला दोष दिला, मग डेकच्या पत्र्याला. शेवटी डेकची डावी कड हाताने उचलून सोडली, तेव्हा झालेल्या ‘खट्’ आवाजाने खरा दोष दाखवला.

डेक वर-खाली करणाऱ्या या लिफ्टची रचना साधी आहे. लिव्हर ओढला की आडवा शाफ्ट फिरतो, त्यावरचे दोन्ही हात वर जातात आणि प्रत्येक हाताला पिनने टांगलेली पोलादी पट्टी डेकला वर ओढते. डाव्या पट्टीचे खालचे भोक झिजून लंबगोल झाले होते: रुंदी ९.९ मिलिमीटर, लांबी १४. पिनलाही बोटाला जाणवेल एवढी खाच पडली होती.

नवी पट्टी मागवण्यापूर्वी जुनी ओळखणे भाग होते, आणि तिथेच मी फसलो. शाफ्टच्या ओतीव हातावर उठावदार आकडे होते. तोच सुट्या भागाचा क्रमांक समजून मी पुस्तकात शोधत बसलो, पण तो निघाला ओतकामाच्या साच्याचा क्रमांक, ज्याचा सुट्या भागांच्या यादीशी संबंध असेलच असे नाही. मॉडेल आणि अनुक्रमांकाच्या पाटीवरून योग्य पान सापडले खरे, पण त्यावर दोन लांबीच्या पट्ट्या होत्या, ८ १/४ आणि ८ ३/४ इंचाची, आणि कोणती कुठल्या अनुक्रमांकापर्यंत बसवली होती ती ओळ नेमकी तेलाच्या डागाखाली गेली होती.

मग मोजण्याशिवाय गत्यंतर नव्हते. झिजलेल्या भोकाचा मध्य अंदाजाने धरला तर माप चुकते. ही पट्टी नेहमी ताणात असते, म्हणून पिन प्रत्येक भोकाची बाहेरची कड खाते आणि आतली कड शाबूत राहते. दोन्ही भोकांच्या आतल्या कडांमधील अंतर व्हर्नियरवर १९९.७ मिलिमीटर आले. त्यात भोकाची न झिजलेली रुंदी मिळवली की २०९.६, म्हणजेच ८ १/४ इंच. पिनचा व्यास मात्र डोक्यालगत, जिथे घर्षण पोहोचत नाही, तिथे घेतला: ३/८ इंच. पट्टीला मध्ये हलकासा बाक होता, तो मी हातोडीने सरळ करायला निघालो होतो. उजव्या पट्टीलाही तसाच बाक दिसला आणि हातोडी खाली ठेवली.

बदलण्याचे काम त्यामानाने लवकर झाले. स्पार्क प्लगची वायर काढली, भार उतरावा म्हणून डेक जमिनीवर टेकवला आणि लिव्हरला साहाय्य करणारी स्प्रिंग सर्वांत आधी सोडवली, कारण ती ताणलेली असताना पट्टी काढली तर लिव्हर उसळून माणसाचा हात मोडू शकतो. मुख्य पिन निसटू नये म्हणून तिच्यात घातलेली छोटी कॉटर पिन गंजली होती, ती कापूनच काढली. मुख्य पिन रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात भिजूनही बाहेर येईना, कारण तिच्या खाचेची कड भोकाला अडकत होती. ती अर्धा फेरा फिरवताच निसटली. नव्या पट्टीसोबत नव्या पिना, वॉशर आणि कॉटर पिनाही घातल्या, कारण जुन्या पिनेने नवे भोक पुन्हा खाल्ले असते.

टायरची हवा सारखी करून, सपाट फरशीवर, पात्याच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. आता उजवी बाजू ३ मिलिमीटर खाली आहे. तीही पट्टी तेवढीच जुनी, हे मला आधीच सुचायला हवे होते. दुसरी मागवली आहे, निदान या वेळी क्रमांक शोधावा लागला नाही.