कागद कापायचा ट्रिमर घ्यायला गुण्या घेऊन गेले

भाच्याच्या मुंजीच्या पत्रिका मी घरी करते असं मीच बोलून बसले. ताईने नुसतं विचारलं होतं की हल्ली पत्रिका कितीला पडते गं, आणि मी लगेच, छे, छापायला कशाला देतेस, मी करते की! १२० पत्रिका. घडी घातल्यावर पाच बाय सात इंच, बाहेरून ३०० जीएसएमचं आयव्हरी कार्ड (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा जास्त तितका कागद जाड), आत पातळ कागदावर मजकूर, आणि वर हातात दंड घेतलेला छोटा बटू कापून चिकटवलेला. ताई खूश, भाचा खूश, नवरा फक्त "१२०?" एवढंच म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

आता हिशोब बघा. पाच बाय सातची घडीची पत्रिका म्हणजे उघडी दहा बाय सात. ए-फोर शीट असतं २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे दोन बाजूंनी कापायचं. बाहेरच्या कार्डाला दोन काप, आतल्या कागदाला दोन, असे १२० गुणिले चार, ४८० काप. हे गणित मी आधी केलं नाही, तिसऱ्या रात्री केलं, खांदा दुखायला लागल्यावर.

माझ्याकडे तेव्हा ऑनलाइन ऑफरमध्ये ९०० रुपयांना घेतलेला दांड्याचा कटर होता. तोच तो, पत्र्याचा बोर्ड आणि बाजूला वरखाली होणारं लांब पातं, झेरॉक्सच्या दुकानात असतो तसा. सुरुवातीची चाळीसेक कार्डं मी एका दमात कापली, थप्पी लावली, छान दिसत होती. मग घड्या घालायला घेतल्या आणि बघते तर काय, पुढचं पान आणि मागचं पान जुळतच नाही. एका टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला दोन मिलिमीटर बाहेर. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण घडीच्या कार्डात ते दात पुढे आल्यासारखं दिसतं. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही.

असं का होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कापून कापून कळलं. दांड्याचं पातं बिजागरीकडून आपल्याकडे कापत येतं आणि कापता कापता कागदाला पुढे ढकलतं. आपण कागद धरलेला असतो चार बोटांनी, तेही एकाच जागी, मग तो त्या बोटांभोवती किंचित फिरतो. वर कार्ड जाड असेल तर स्वस्तातला दांडा स्वतःच बाहेरच्या बाजूला झुकतो आणि काप सरळ न येता पोटात गेल्यासारखा गोल येतो. दांडा खाली आणताना बोर्डाच्या बाजूला दाबत आणला तर फरक पडतो, पण ४८० वेळा कोण दाबणार.

शेवटी दुसऱ्या दिवशी सगळा गठ्ठा पिशवीत घालून पुण्याच्या नारायण पेठेत एका बाइंडरकडे गेले. त्यांनी थप्पी हातात घेतली, टेबलावर दोन बाजूंनी ठोकून कडा एकत्र आणल्या, मशीनखाली सरकवली, वरून दाब आला आणि कचकन एकच आवाज. दोन बोटं जाड थप्पी, लोण्यासारखी. माझ्या वाकड्या कार्डांसाठी सगळीच कार्डं थोडी लहान करावी लागली, त्यामुळे पाकिटात ती जरा सैल बसली, पण कोणाच्या लक्षात आलं नाही (आलं असेल तर बोलले नाहीत, आमच्याकडचे नातेवाईक तसे बोलतात). आणि त्यांनी घेतले किती, तर घरून निघताना मी रिक्षाला दिले त्यापेक्षा कमी.

तर माझं मत झालंय ते असं की पन्नासच्या वर एकाच मापाचं काही कापायचं असेल तर घरी ट्रिमर कितीही भारी असू दे, सरळ पेठेत प्रेसवाल्याकडे किंवा बाइंडरकडे न्या. घरचा ट्रिमर पाच-दहा कार्डांसाठी, मधूनच लागणाऱ्या एखाद्या पट्टीसाठी, गिफ्ट बॉक्सच्या झाकणासाठी. हे एकदा डोक्यात पक्कं झालं की महागडा घ्यायची गरजच उरत नाही. मग तो एका वेळी किती शीटं कापतो हे बघत बसायचं नाही, सरळ कापतो का आणि पातं परत मिळतं का, एवढंच बघायचं.

शीटांच्या आकड्यावर जाऊ नका हे तर मी सगळ्यांनाच सांगते. बॉक्सवर '१० शीट' लिहिलेलं असतं ना, ते आपल्या झेरॉक्सच्या पातळ कागदाचं, ७०-८० जीएसएमचं. ८० ची दहा म्हणजे ८००, त्यात ३०० चं कार्ड बसवा, दोन बसतात आणि तिसरं अडकतं. हस्तकलेवाल्यांच्या कामाचा आकडा हा, आणि तो बॉक्सवर सहसा नसतो.

मग नवा घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले. ऑनलाइन नकोच म्हटलं, यावेळी हातात घेऊन बघायचा. जाताना पर्समध्ये ३०० चं एक कार्ड, साधे कागद चार-पाच, एक स्टीलची पट्टी आणि मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या. पहिल्या दुकानात मी गुण्या काढला तर काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, कागद कापायचाय का जमीन मोजायचीय?" मी म्हटलं काका, मोजूनच घेणार, मागच्या वेळी न मोजता घेतला होता. मग त्यांनाच त्यात इंटरेस्ट आला. तीन पीस खोलून दिले, चहा मागवला, आणि त्यातल्या एकाचा काटकोन चुकलेला निघाल्यावर ते स्वतःच वैतागले.

ती टेस्ट अगदी सोपी आहे. नवाकोरा ए-फोर कागद घ्यायचा, त्याची खालची कड ट्रिमरच्या कडेला घट्ट टेकवायची आणि मधोमध कापायचा. आता एक अर्धा भाग पुस्तकाचं पान उलटतो तसा उलटा करून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवायचा, दोघांच्या खालच्या कडा जुळवायच्या आणि कापलेल्या कडा एकावर एक आणायच्या. ट्रिमर काटकोनात असेल तर वरच्या टोकापर्यंत कडा जुळतात. नसेल तर वरती एक कड बाहेर डोकावते, आणि गंमत म्हणजे जी चूक दिसते ती दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा एक मिलिमीटर होऊन डोळ्यात भरते. गुण्याने एवढं बारीक कळत नाही खरं तर, गुण्या मी जास्त करून रुबाबासाठी नेला होता.

पट्टी मात्र लागते. बोर्डवर छापलेल्या मापांचा शून्य बरोबर पात्याच्या रेषेवर हवा, स्वस्तातल्या बोर्डवर तो स्टिकर असतो आणि चिकटवणाऱ्याचा हात हलला की सगळीच मापं सरकतात. माझ्या जुन्या कटरमध्ये पाच इंच म्हणजे पाच इंच आणि वर एक मिलिमीटर होता. आणि लांबी बघताना एक गोष्ट, स्क्रॅपबुकची बारा इंची शीटं वापरत असाल तर 'ए-फोर ट्रिमर' म्हटलेला चालेलच असं नाही. ए-फोरची लांब बाजू २९७ मिलिमीटर आणि बारा इंच म्हणजे ३०५, त्या आठ मिलिमीटरसाठी शीट आत जात नाही, अडकतं आणि मग आपण चिडतो.

तिथे मी तीन जातीचे ट्रिमर बघितले. दांड्याचे तर नकोच होते, घरात मुलगा आहे, उघडं पातं मला नको. मग गोल पात्याचे, म्हणजे पट्टीवर सरकणारं चाक असतं ते, ते हाताला इतके गुळगुळीत लागतात की घ्यावेसेच वाटतात, पण बरे होते ते ३००० च्या पुढे आणि नवं चाक कुठे मिळेल विचारलं तर "मागवावं लागेल". हे मागवावं लागेल म्हणजे काय ते पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आणि तिसरे सरकत्या छोट्या पात्याचे. प्लॅस्टिकचा हलका बोर्ड, वर कडेपर्यंत खटकन बसणारी पारदर्शक पट्टी, आणि त्या पट्टीच्या खाचेत बोटाएवढी डबी मागेपुढे सरकते, पातं त्या डबीत. दिसायला खेळण्यासारखा, मी आधी हातसुद्धा लावणार नव्हते. पण ती पट्टी आहे ना, ती कागदाला पूर्ण लांबीभर दाबून धरते, बोटांचं कामच नाही, त्यामुळे कागद फिरत नाही. माझं सगळं दुखणं तिथेच होतं. फक्त डबी दोन बोटांत धरून आडवी हलवून बघायची. हलली तर ठेवून द्या, काप दोन ठिकाणी दोन जागांवर येतो. मी बघितलेल्या दोनपैकी एक हलत होती, त्याच कंपनीची, त्याच लॉटची, म्हणून म्हणते हातात घेऊन घ्या.

६५० ला घेतला. बारा इंची, जोडीला बाहेर उघडणारी मापाची पट्टी. पात्याची डबी ९० ला एक, दोन तिथेच घेऊन ठेवल्या, कारण असल्या ट्रिमरचा खरा खर्च पात्यात असतो, ट्रिमर मिळतो आणि सहा महिन्यांनी त्याचं पातं बंद झालेलं असतं.

३०० चं कार्ड तो एका झटक्यात कापत नाही. दोनदा फिरवावं लागतं, पहिल्यांदा हलकं, मग दाबून. पहिल्याच फेरीत जोर लावला की खालच्या बाजूला तूस निघतं. पातळ कागदावर मागेपुढे घासू नका, एकाच दिशेने ओढा, नाहीतर सुरुवातीलाच कागद गोळा होतो. पावसाळ्यात जास्तच, जुलैमध्ये आमच्या घरात कार्ड इतकं सादळतं की कापलं जात नाही, फाटतं. आता कागद झिपलॉकमध्ये असतात, वरणासाठी आणलेल्या डाळीच्या शेजारी.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला जाडसर कागद मात्र मी यावर कापतच नाही. त्याचे तंतू लांब, पात्यात ओढले जातात, आणि तसंही त्या कागदाची कड कापली की तो कागद वाटतच नाही. घडी घालायची, घडीवरून ओला ब्रश फिरवायचा आणि हाताने फाडायचा, कड कशी केसाळ छान येते.

खिडक्या आणि बटूसारखे बारीकसारीक आकार अजूनही तुकडे मोडता येणाऱ्या नऊ मिलिमीटरच्या कटरनेच. तो कटर म्हणे १९५६ मध्ये जपानमध्ये निघाला, चॉकलेटच्या वडीचे तुकडे पडतात त्यावरून कल्पना सुचलेली, आणि तो बनवणाऱ्या ओल्फा कंपनीचं नावच जपानीतल्या 'मोडायचं पातं' वरून. इतकी वर्षं ते नाव मला कुठल्या तरी आजीचं वाटायचं.

डबल टेपचा गोंद पात्याला चिकटला की शिलाई मशीनचं तेल चिंधीला लावून पुसते. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायचा उद्योग मी एकदा केलाय, डबीचं प्लॅस्टिक पांढरं पडून चरचरीत झालं आणि दोनपैकी एक डबी तिथेच गेली. फॉईल कापलं की धार येते म्हणतात, तेही करून बघितलं, चिकटलेला गोंद थोडा निघाला, धार काही आली नाही.

राहिलेली डबी गेल्या महिन्यात बोथट झाली. काकांकडे गेले तर म्हणाले, "संपल्यात, पुढच्या आठवड्यात या." तीन आठवडे झाले. काल परत गेले तर मला बघूनच म्हणाले, "गुण्या आणलाय का?"