तुम्ही विचारलंत म्हणून

रस्त्यावर विजेच्या गाड्या धावू लागल्या तरी मी अजून टोल्युईन, म्हणजे पेट्रोलमधला एक अरोमॅटिक (सहा कार्बनांचे बेंझीनचे कडे, म्हणजे वलय, असलेला) घटक, कसा जळतो हेच का शोधत बसले आहे, असे मला विद्यार्थी विचारतात, शेजारी विचारतात आणि चतुर्थीला गोव्यात पेडण्याच्या घरी जमणारे सगळेच विचारतात. यंदा काकांनी विचारले तेव्हा जवळच्या मोपा विमानतळावर उतरणारे विमान डोक्यावरून जात होते. मी सांगितले की त्याच्या इंधनात 25 टक्क्यांपर्यंत अरोमॅटिक चालतात आणि कृत्रिम इंधन मिसळले तरी मिश्रणात ते किमान 8 टक्के ठेवावे लागतात, कारण त्यांच्यामुळे जोडांमधले रबर फुगून घट्ट बसते. काकांना पटले. मला स्वतःला ते उत्तर अपुरे वाटले.

अधिक खरे उत्तर माटोळीखालच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखालच्या, समईत आहे. खोबरेल तेलात बेंझीनचे एकही कडे नसते, तरीही समईवर काजळी धरते, कारण ते कडे ज्योत स्वतःच घडवते. तीन-तीन कार्बनांचे दोन प्रोपार्जिल मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेले, चटकन जुळणारे तुकडे) भेटले की षट्कोन जुळू शकतो, त्याला पुढचे षट्कोन चिकटत जातात आणि शेवटी काजळीचा कण तयार होतो. काजळी धरणारे इंधन कोणतेही असो, या कड्याशी गाठ पडतेच, आणि ते कसे तुटते हे कळल्याखेरीज धूर कमी करण्याच्या गोष्टी अर्ध्याच राहतात.

पण मी या विषयाला चिकटून आहे त्यामागे एक शरमेची गोष्टही आहे.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझ्या संगणकीय प्रारूपातले टोल्युईन शॉक ट्यूबमधल्या (आघातलहरीने वायू क्षणात तापवणाऱ्या नळीतल्या) मोजमापांपेक्षा उशिरा पेट घेत होते. 1500 केल्विनच्या आसपास सर्वाधिक परिणाम करणाऱ्या अभिक्रियांत एक होती टोल्युईनच्या मिथिल गटातला (कड्याला जोडलेल्या एका कार्बनावरचा) हायड्रोजन सुटण्याची. तो बंध तोडायला मोलमागे सुमारे 375 किलोज्यूल लागतात, कड्यावरचा तोडायला सुमारे 470, म्हणून मिथिलचाच आधी जातो. सुटलेला हायड्रोजन ऑक्सिजनशी भिडतो, एकाचे दोन मूलक होतात आणि आग पसरते. मी त्या सुटण्याचा दर थोडा वाढवला, मग आणखी थोडा. दहापट झाला तेव्हा सगळे बिंदू रेषेवर बसले, आणि शोधनिबंध पाठवून मी चतुर्थीला घरी आले.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता, आई नेवऱ्या तळत होती आणि मी ओसरीवर प्रबंधाचे परिशिष्ट भरत होते. त्यात उलट अभिक्रियेचा, म्हणजे हायड्रोजन आणि तो सुटल्यावर उरलेला बेंझिल मूलक पुन्हा जुळण्याचा, दर लिहायचा होता. तो संगणक समतोलावरून आपोआप काढतो, म्हणून मी कधी पाहिलाच नव्हता. सहज टकरींची कमाल संख्याही काढली. माझा दर तिच्या दीडपट निघाला. दोन रेणू एकमेकांना जितक्या वेळा धडकूच शकतात, त्याहून जास्त वेळा ते माझ्या प्रारूपात जुळत होते. मी हिशेब तीनदा केला. आईने नेवरीची बशी पुढे ठेवली आणि काय झाले म्हणून विचारले. मला बोलता आले नाही. आठवड्याभराने निबंध मागे घेतला आणि एक वर्ष गेले.

दर असे हलवून पाहणे या क्षेत्रात सर्रास चालते, मोजमापांतही फरक असतात, आणि मी काही लपवले नव्हते. हे सगळे खरे आहे. तरीही आलेख जुळला की मी पुढे पाहणे थांबवले, हेही खरेच आहे. तेव्हाची मी आजच्या मला विचारते की इंजिन घडवणाऱ्याला पेट घेण्याची अचूक वेळच हवी असेल, तर आतला एक दर अशक्य असल्याने त्याचे काय बिघडते? पूर्वी मी तिला गप्प करत असे. आता करत नाही, कारण ज्या तापमानाला आणि दाबाला कुणी मोजलेलेच नाही तिथे असे प्रारूप फसेल, एवढेच मी म्हणू शकते, आणि माझे आजचे प्रारूप तिथे टिकेल याची हमी मला देता येत नाही.

तो दर मी मूळ जागी नेला आहे. ज्योतीचा वेग आता बरा जुळतो, पण प्रज्वलनाच्या आलेखातले वरच्या तापमानाचे तीन बिंदू अजून रेषेबाहेर आहेत, आणि ते आत आणण्यासाठी मी कोणत्याही आकड्याला हात लावलेला नाही.